'ग्लॉकस' या इंग्रजी विशेषणाला मराठीत काय म्हणावं?

शब्दखुळा
एका जुन्या निसर्गवर्णनाचा मराठी अनुवाद करतोय. त्यात 'ग्लॉकस' हे विशेषण तीन ठिकाणी आलंय आणि तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा वाटतो.
१) एका झाडाची पानं वरून हिरवी, खालून ग्लॉकस.
२) काळ्या फळाची साल ग्लॉकस.
३) एका ग्रीक देवीचे डोळे ग्लॉकस. हे लेखकाने उपमेत घातलंय.
शब्दकोशात 'निळसर राखाडी' किंवा 'फिकट निळसर हिरवा' असं मिळतं. काळ्या फळाची साल निळसर हिरवी कशी असेल? शब्दाचं मूळ आणि नेमका अर्थ जाणकारांनी सांगावा. एकच मराठी शब्द तिन्हीकडे चालला तर सोन्याहून पिवळं.

मिसळभोक्ता
सोन्याहून पिवळं नाही, सोन्याहून निळसर राखाडी :)

जुनापुराणा
मुळापासून सुरुवात करू. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, लॅटिन 'ग्लाउकुस'वरून. लॅटिनने तो ग्रीक 'ग्लाउकोस'वरून घेतला होता.

होमरच्या ग्रीकमध्ये 'ग्लाउकोस' हा सरळसोट रंग नाही, त्यात चमक आहे. 'इलियड'च्या सोळाव्या सर्गात पॅट्रोक्लस अकिलीसला सुनावतो की तुझे आईबाप माणसं नव्हेतच, तुला ग्लाउक समुद्राने आणि कड्यांनी जन्म दिला. विसाव्या सर्गात चवताळलेला सिंह चाल करून येतो, तिथे याच धातूचं क्रियापद आहे. सिंहाचे डोळे निळे असल्याचं कवीला सांगायचं नाही, ते जळतायत असं सांगायचंय. अथेनाचं ठरलेलं विशेषण 'ग्लाउकोपिस'. त्याचं भाषांतर कुणी 'करड्या डोळ्यांची' करतं, कुणी 'तेजस्वी डोळ्यांची'. तुमचं तिसरं वाक्य बहुतेक हिच्याबद्दलच आहे.

पुढे लॅटिनमध्ये चमक मागे पडली आणि फिकट, निळसर, राखाडी असा रंग उरला. व्हर्जिल 'जॉर्जिक्स'च्या दुसऱ्या भागात विलोच्या पांढुरक्या पानांना हा शब्द लावतो, तिसऱ्या भागात चांगल्या घोड्याच्या रंगाला. वनस्पतिशास्त्राने शब्द लॅटिनमधून उचलला, म्हणून तुमचं पहिलं वाक्य विलोच्या बाजूचं आणि तिसरं सिंहाच्या बाजूचं. एक शब्द दोन्हीकडे बसवू नका.

गोदाकाठची
जुनापुराणा सर, विलोवरून आठवलं. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे वाळुंज, सॅलिक्स टेट्रास्पर्मा. नदी-ओढ्याच्या काठाने असतो. त्याचंही पान वरून हिरवं आणि खालून पांढुरकं. वारा आला की पानं उलटतात आणि अख्खं झाड फिकट पडल्यासारखं दिसतं. शब्दखुळा, पहिल्या वाक्यातलं झाड कुठलं?

शब्दखुळा
झाडाचं नाव दिलेलं नाही. 'ओढ्याकाठचं' एवढंच आहे. वाळुंज असूही शकतो.

रामकुंडावरचा
संस्कृतात 'ग्लौ' म्हणजे चंद्र. अमरकोशात 'ग्लौर्मृगाङ्कः कलानिधिः' आहे. ग्लौ, ग्लाउकोस. चंद्रही फिकट आणि चमकणारा. म्हणजे मूळ आपलंच!

जुनापुराणा
@रामकुंडावरचा, ग्लौ हा शब्द खरा आहे, पण ध्वनी जुळला म्हणजे गोत्र जुळत नाही. नातं सिद्ध करायला ध्वनीचा नियम अनेक शब्दांत पाळला गेलेला दाखवावा लागतो. ग्रीक 'गोनु' आणि संस्कृत 'जानु' (गुडघा), ग्रीक 'गेनोस' आणि संस्कृत 'जनस्' इथे ग आणि ज ची जोडी पुन्हा पुन्हा भेटते, म्हणून ते नातं मान्य आहे. ग्लौ आणि ग्लाउकोसच्या पाठीशी अशी रांग नाही. नाहीतर 'नियर' आणि 'निअरेस्ट'वरून 'निर' आणि 'निरस्त' सुद्धा काढता येईल.

रामकुंडावरचा
बरं. चंद्र परत घेतो.

निफाडकर_बागायतदार
दुसऱ्या वाक्याचं उत्तर द्राक्षाच्या बागेत आहे. शरद सीडलेस किंवा जम्बोचा घड घ्या. मणी काळाभोर, पण वर निळसर पांढरी पावडर दिसते. अंगठा फिरवला की ती पुसली जाते आणि खालची काळी साल चकाकते. आमच्याकडे तिला लस्टर म्हणतात. साल ग्लॉकस म्हणजे लस्टर असलेली. हिरव्या थॉम्पसनवरही तोच थर असतो, फक्त तिथे तो निळा न दिसता दुधट दिसतो. थर एकच, खालची साल वेगळी.

शब्दकोशातला 'निळसर हिरवा' इथे म्हणूनच फसतो. लेखकाने सालीचा रंग सांगितला नाही, सालीवर काय आहे ते सांगितलंय.

वेणूताई
पण ती पावडर म्हणजे औषधाचा फवारा ना? मी तर मीठ-हळदीच्या पाण्यात अर्धा तास ठेवते.

निफाडकर_बागायतदार
नाही ताई. ते मेण आहे, मणी स्वतःच तयार करतो. मेण पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे मीठ-हळदीने ते जातही नाही आणि घालवायची गरजही नाही, खाण्यात आलं तरी अपाय नाही. धूळ आणि वरवरचं काढायला वाहत्या नळाखाली घड धरून चोळणं पुरे.

पांढरं तीन प्रकारचं असतं, त्यांची गल्लत होते. घरच्या घरी असं ओळखायचं:

लस्टर सगळ्या मण्यांवर सारखा पसरलेला असतो. कोरड्या बोटाने पुसला की खाली साल स्वच्छ, डाग नाही, वास नाही.

फवाऱ्याचे डाग थेंबाच्या आकाराचे असतात, कडेला गोल रेघ. थेंब ओघळून खाली वाळतो, म्हणून मण्याच्या तळाशी जास्त. ओल्या कापडाने बरेचसे निघतात. बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा, डाग तर चक्क निळसर पांढरा असतो, लांबून लस्टरच वाटेल. पण तो ठिपक्यांत असतो आणि खरखरीत लागतो.

भुरी ही बुरशी. राखाडी पांढरी, कुठे आहे कुठे नाही, जवळ नेली तर कुबट वास. पुसली तरी खाली तपकिरी जाळीदार डाग राहतो. मणी लहान असताना भुरी बसली तर साल ताणत नाही, आतला गर वाढतो आणि मणी तडकतो.

मिसळभोक्ता
म्हणजे इंग्रज कवी ज्यावर फिदा झाला, त्यासाठी आपले व्यापारी किलोमागे भाव वाढवतात. कवींनी मार्केट यार्डात यायला हवं होतं.

निफाडकर_बागायतदार
भाव वाढवत नाहीत हो, लस्टर गेला की कमी करतात. फरक आहे :)

प्रकाशकण
काळ्यावर निळा आणि हिरव्यावर दुधट, हे का ते सांगतो, कारण अनुवादालाही ते उपयोगी पडेल. त्या मेणात निळा रंग अजिबात नाही. मेणाचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकमेकांवर आडवेतिडवे बसलेले असतात. एवढ्या बारीक कणांवर प्रकाश पडला की निळा भाग जास्त विखुरतो. मागे काळोख असेल तर तो विखुरलेला निळा उठून दिसतो. मागून भरपूर प्रकाश परतत असेल तर सगळं मिसळून पांढुरकं होतं. चुलीचा धूर गर्द झाडीपुढे निळा आणि उजळ आभाळापुढे मळकट दिसतो, तसंच.

बोटाने चोळलं की पापुद्रे चपटे होतात. मेण बरंचसं तिथेच राहतं, पण विखुरणं संपतं आणि साल आरशासारखी चमकते.

आता गंमत. निळ्या-करड्या डोळ्यांतही निळं रंगद्रव्य नसतं. बुबुळाच्या पुढच्या थरातले सूक्ष्म तंतू प्रकाश विखुरतात आणि मागे गडद थर असतो. म्हणजे देवीचे डोळे आणि द्राक्षाची साल यांचं कारण एकच. ग्रीकांना हे ठाऊक असणं शक्य नव्हतं, पण शब्द बरोबर जागी जाऊन बसला.

नेत्रा
डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर, 'ग्लॉकोमा' याच शब्दातून आला. जुन्या ग्रीक वैद्यांनी बाहुलीत दिसणाऱ्या निळसर हिरवट झाकेला तसं नाव दिलं. तेव्हा मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची सरमिसळ होती, ती अठराव्या शतकात सुटू लागली. आज ग्लॉकोमा म्हणजे दृष्टीच्या नसेचं नुकसान, बहुतेकदा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे. रुग्णाचा डोळा बाहेरून निळसर दिसेलच असं अजिबात नाही, बहुतेकदा काहीच दिसत नाही. म्हणून चाळिशीनंतर दाब तपासून घ्यायचा. आयुर्वेदातही तिमिर, काच, लिंगनाश अशा अवस्था आहेत, मराठी 'काचबिंदू'तला 'काच' तिथला.

जुनापुराणा
नेत्राताई, भर घालतो. घुबडालाही ग्रीकमध्ये 'ग्लाउक्स' म्हणतात. डोळ्यांवरून पक्ष्याचं नाव की पक्ष्यावरून विशेषण, यावर वाद आहे. घुबड अथेनाचं, म्हणून अथेन्सच्या नाण्यावरही तेच. तिथे म्हण होती, 'अथेन्सला घुबडं नेणं', म्हणजे जिथे जे मुबलक तिथे तेच न्यायचं.

मिसळभोक्ता
नाशिकला द्राक्षं नेणं.

लासलगावचा_भाऊ
लासलगावला कांदे नेणं. ते तर रोज नेतो, त्यात म्हण कसली.

जुनापुराणा
व्यापाराचंच काढलंत तर 'इलियड'च्या सहाव्या सर्गात ग्लाउकोस नावाचा योद्धाच आहे. डायोमिडीसशी चिलखताची अदलाबदल करतो. आपलं सोन्याचं, शंभर बैलांच्या मोलाचं देतो आणि काशाचं, नऊ बैलांच्या मोलाचं घेतो.

लासलगावचा_भाऊ
हा बाबा शेतकरीच असणार.

लासलगावचा_भाऊ
चेष्टा पुरे. कांद्याची पातही ग्लॉकसच ना? तिच्यावर बोट ओढलं की गडद हिरवी रेघ उठते. पाणी मारलं की मोत्यासारखं घरंगळतं.

गोदाकाठची
अगदी. कांदा, कोबी, कमळाचं पान, घायपात, सगळी त्याच कुळातली म्हणायची. लॅटिन नावात 'ग्लाउका' दिसलं की पान किंवा खोड असं आहे हे समजायचं. माळरानावर पिवळ्या नळीसारखी फुलं येणारी रानतंबाखू आहे ना, निकोटियाना ग्लाउका, तिचं पान बघा. थोडीशीच झाक असेल तर 'ग्लॉसेसंट' म्हणतात.

निफाडकर_बागायतदार
भाऊंनी मोत्यासारखं पाणी म्हटलं, तिथेच कामाची गोष्ट आहे. कांद्यावर फुलकिड्यांसाठी फवारताना स्टिकर घालावाच लागतो, नाहीतर द्रावण घरंगळून वाफ्यात जातं. द्राक्षात मात्र मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, तोच स्टिकर लस्टर खातो. चिकटद्रव्य म्हणजे एक प्रकारचा साबण, मेणाचे पापुद्रे विस्कटतात. घडावर थेंब साचून वाळला की तिथे काळपट ठिपका उरतो. पिकलेल्या मण्यावर पुसलेला लस्टर परत भरत नाही.

म्हणून तोडणीला घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. दव वाळल्यावर पण ऊन चढायच्या आत तोड. ओला घड क्रेटमध्ये गेला तर मणी मण्याला घासून लस्टर जातो आणि ओलीने कूजही होते. क्रेट काठोकाठ भरायची नाही, तळाला कागद किंवा बबल शीट. पॅकहाऊसमध्ये खराब मणी कात्रीने देठापासून काढायचा, ओढायचा नाही. शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता.

लासलगावचा_भाऊ
फुलकिड्यांवरून, कांद्यात कमी मेणाचे चकचकीत हिरव्या पातीचे प्रकारही असतात. त्यांच्यावर फुलकिडे कमी बसतात असं संशोधनात दिसलंय. मग सगळे तेच का लावत नाहीत?

प्रकाशकण
कारण मेण फुकटचं नसतं. ते पाणी अडवतं, जादा ऊन परतवतं आणि पानावर थेंब साचू देत नाही, म्हणून बुरशीला ओल कमी मिळते. फुलकिडे टाळायला मेण घालवलं तर बाकीचे खर्च अंगावर येतात.

पंचवटीकर
बेदाण्यात याच मेणाशी भांडण असतं. मणी तसाच सुकवला तर मेण पाणी बाहेर सोडत नाही, तीन-चार आठवडे लागतात आणि रंग तपकिरी होतो. म्हणून डिपिंग. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट, म्हणजेच बाजारात मिळणारं डिपिंग ऑइल. आधी कार्बोनेट पूर्ण विरघळवायचं, मग तेल हळूहळू ओतत ढवळायचं, पाणी दुधासारखं झालं पाहिजे. घड दोन ते चार मिनिटं बुडवून जाळीवर सावलीत. साधारण पंधरवड्यात बेदाणा तयार. वर तेलाचे डोळे तरंगताना दिसले तर मिश्रण फुटलंय, त्यात घड घालू नये, कुठे जास्त सुकतो कुठे कमी. मेण यात धुऊन जात नाही, फक्त पापुद्र्यांमधून पाण्याला वाट मिळते.

वेणूताई
आणि वाईनवाले म्हणतात ती पावडर म्हणजे यीस्ट?

पंचवटीकर
गैरसमज. पावडर मेणच. मेणावर रानटी यीस्ट चिकटलेलं असतं, पण ते डोळ्याला दिसत नाही. शिवाय वाईन शेवटपर्यंत आंबवणारं सॅकरोमायसिस न फुटलेल्या मण्यावर फारच थोडं असतं. म्हणून बहुतेक वायनऱ्या यीस्ट वेगळं घालतात.

मिसळभोक्ता
धागा इंग्रजी विशेषणावर होता असं अंधुक आठवतंय.

शब्दखुळा
:) मला तर सगळंच हवं होतं. पण आता शब्द सुचवा. 'भुरकट' कसा?

निफाडकर_बागायतदार
भुरकट नको. अर्ध्या जिल्ह्याला भुरी आठवेल, कोणी फळ विकत घेणार नाही.

वेणूताई
मेणकट?

जुनापुराणा
मेणकट म्हणजे मळका, चिकट. उशीचा अभ्रा मेणकट असतो. रंगासाठी आपल्याकडे उत्तम शब्द आहे, पारवा. पारावत म्हणजे कबुतर, त्यावरून पारवा रंग. निळसर, राखाडी, वर किंचित झळाळी. कापडाच्या दुकानात आजही चालतो. समुद्रालाही लावता येईल.

रामकुंडावरचा
पारवा छान. पण पुसलं जाणं त्यात येत नाही. भस्म कसं? कुंभमेळ्यात साधू अंगाला भस्म फासतात, सावळ्या अंगावर ते निळसर दिसतं आणि बोट ओढलं की खालची त्वचा दिसते. प्रकाशकण यांचं काळ्यावर निळं, तेच की हे. 'भस्मधूसर'!

जुनापुराणा
चंद्र गेला त्याची भरपाई केलीत. शब्द देखणा आहे, पण पानाच्या वर्णनात घातला तर वाचकाला शंकर दिसेल, झाड नाही.

गोदाकाठची
मी 'मेणाची पारवी लव' म्हणेन.

शब्दखुळा
घेतला असता, पण आत्ताच मूळ वाक्य पुन्हा पाहिलं. पहिल्या वाक्यात पानाला दोन विशेषणं आहेत, 'ग्लॅब्रस' आणि 'ग्लॉकस'. मी पहिल्याला त्याचंच वेगळं स्पेलिंग समजलो होतो.

गोदाकाठची
अरे देवा. ती जोडी सगळ्यांना फसवते. ग्लॅब्रस लॅटिन 'ग्लाबेर'वरून, म्हणजे टकला. पानावर केस नाहीत, इतकंच. ग्लॉकसशी काही संबंध नाही. मग माझी 'लव' बादच. लव म्हणजे बारीक केसच. 'बिनलवीचं, मेणाची लव असलेलं पान' असं होईल.

निफाडकर_बागायतदार
'पुट' म्हणा. धुळीचं पुट, पावडरीचं पुट. पुट म्हटलं की ते पुसता येतं हे सांगावं लागत नाही.

जुनापुराणा
पुट चपखल. तिसऱ्या वाक्यात मात्र पुट नको, देवीला मोतीबिंदू होईल. तिथे झळाळ ठेवा.

शब्दखुळा
मग असं करतो:
१) पानं बिनलवीची, वरून हिरवी, खालून पारवं पुट चढलेली.
२) काळ्या सालीवर निळसर पुट, बोट लागलं की पुसलं जाणारं.
३) झळझळत्या डोळ्यांची देवी.

निफाडकर_बागायतदार
दुसऱ्यात 'बोट लागलं की' आहे तसंच ठेवा. संपादकाने कापलं तर भांडा.

मिसळभोक्ता
आणि तिसरीला घुबड द्या, बिचारं मधेच राहिलं.